दसऱ्याची बाटली

आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, जिथं बाकीच्या घरांत फिनेल आणि जुनी फडकी असतात, तिथं इंजिनात ओतायच्या टॉनिकच्या सात बाटल्या होत्या. एकीचंही सील मी तोडलं नव्हतं. बायको दर साफसफाईला विचारायची, "हे भंगारात देऊ का?" आणि मी तिच्या अंगावर खेकसायचो, "राहू दे तिथंच." तिला वाटायचं, महागाची वस्तू असेल. सात बाटल्या म्हणजे माझ्या गाडीच्या सात सर्व्हिसिंगा आणि थोरल्या भावाशी सात वेळा बोललेलं खोटं.

थोरला भाऊ म्हणजे दादा. आमच्या नांदे गावातली रस्त्याकडेची जमीन बिल्डरला गेली तेव्हा भावकीतल्या बहुतेकांनी घरावर मजले चढवले आणि आयटीतल्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं दिल्या. दादाला बसून भाडं खाणं जमणारं नव्हतं. आधी त्यानं कामगारांसाठी खाणावळ काढली. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, "दादा, हितं न्हाई चालायची." चार महिन्यांत ती बंद पडली. तेव्हा सगळ्यांसमोर तो हसत हसत म्हणाला, "तुझी जीभ काळी हाय." हसत म्हणाला खरा, पण ते माझ्या डोक्यात राहिलं. पुढच्या वेळी आपण तोंड उघडायचं नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

पुढची वेळ म्हणजे हे गाडीच्या सामानाचं दुकान. सीटकव्हर, वायपर, हॉर्न, ऑइलचे डबे, आणि अगदी डोळ्यांसमोर येईल अशा फळीवर लाल झाकणाच्या बाटल्यांची रांग. इंजिन ऑइलमध्ये एक बाटली ओतायची की इंजिनाचं आयुष्य वाढतं, आवाज बसतो, ॲव्हरेज सुधारतं, असं त्या बाटलीवर लिहिलेलं. दादा तिला टॉनिक म्हणायचा. गावातली माणसं नुसतं 'बाटली' म्हणायची.

आता यातली मेख सांगतो. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात ऑइल तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. मशिनांतल्या, गिअरबॉक्सांतल्या ऑइलचे नमुने माझ्याकडे येतात. काचेच्या नळीतून ते किती वेळात वाहतं हे मी बघतो, टिपकागदावर एक थेंब टाकून तो कसा पसरतो हे बघतो. मधे काळा डाग घट्ट बसला तर ऑइलात मळ जिरवायची ताकद उरली नाही असं समजायचं. पोट भरतंय ते याच कामावर. अख्ख्या भावकीत ऑइल कशाशी खातात हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तोच गप्प बसला.

दुकानात बाटलीबरोबर एक यंत्रही आलं होतं. छोटी मोटर, तिच्यावर गरगर फिरणारं पोलादी कडं, खाली ऑइलची वाटी आणि वरून दाब द्यायला एक दांडी. वाटीत साधं ऑइल असलं की दांडी दाबताच कडं किंचाळायचं आणि अडकून बसायचं. टॉनिकचे चार थेंब टाकले की दांडीला लोंबकळलात तरी ते फिरतच राहायचं. दादा गिऱ्हाइकाला स्वतः दांडी दाबायला लावायचा. "दाबा, दाबा, घरचं जेवून आलाय न्हवं?" माणूस लाल होईपर्यंत दाबायचा आणि कडं फिरत राहायचं. मग लोक टाळ्या वाजवायचे.

मला ते बघताना अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं. लोखंडावर लोखंड असं रगडलं जातं ते त्या यंत्रात. धडधाकट इंजिनात दोन धातूंच्या मधे ऑइलचा थर असतो, तो दोघांना बहुतेक वेळ एकमेकांना टेकूच देत नाही. आणि चांगल्या ऑइलमध्ये झीज थांबवणारी, मळ धरून ठेवणारी, गंज रोखणारी द्रव्यं आधीच मोजून मापून घातलेली असतात. तयार आमटीत वरून मूठभर मसाला घातला म्हणून ती चांगली होत नाही. बाटलीतल्या दाट द्रवानं जुन्या इंजिनाची खडखड थोडे दिवस बसते, हे खरं. पण झिजलेलं ते झिजलेलंच राहतं, फक्त ऐकू येईनासं होतं. वेळेवर ऑइल बदला, फिल्टर बदला, संपलं. एवढी दोन वाक्यं मला बोलायची होती.

ज्या दिवशी यंत्र मांडलं त्या दिवशी कंपनीचा माणूस दुकानात होता, चार गिऱ्हाइकं होती. दादानं मला दारातून आत ओढलं. "हा माझा धाकटा भाऊ. ऑइलचाच माणूस हाय. सांग रं, कसं हाय?"

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. खाणावळीनंतर पहिल्यांदाच तो असा उजळला होता. माझ्या हातात बाटली होती. पाठीमागच्या लेबलावर, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, ज्या मोटरसायकलींचा क्लच ऑइलात बुडालेला असतो त्यांत हे वापरू नये, असं छापलेलं मी तेवढ्यात वाचलंही होतं. आमच्याकडच्या झाडून सगळ्या मोटरसायकली तसल्याच.

"बरं दिसतंय," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांवर दादानं पुढं शेकड्यानं बाटल्या विकल्या असतील. "माझा भाऊ लॅबात हाय, त्यानं पास केलंय." मला हे दुसऱ्यांकडून कळायचं आणि कामावरून सुटल्यावर पिरंगुटच्या चौकात बसची वाट न बघताच मी तरातरा चालत सुटायचो. एका जागी उभं राहवत नसे. सर्व्हिसिंगच्या वेळी दादा फुकट बाटली हातात द्यायचा, मी ती घरी आणून ओट्याखाली सारायचो. आठ दिवसांनी तो विचारायचा, "कशी चालतीया गाडी?" मी म्हणायचो, "लोण्यासारखी." तो खूश व्हायचा, आणि मला त्याचाच राग यायचा. एवढा भोळा कसा हा माणूस, असा राग. खरं तर राग कुणाचा यायला हवा होता ते मला कळत होतं.

हे असंच चाललं असतं. पण आमच्या भावकीत दसऱ्याला सगळ्या गाड्या देवळासमोरच्या पटांगणात एका ओळीत लागतात. नांगर-कुळवाच्या पूजेची जागा आता गाड्यांनी घेतली आहे. ट्रॅक्टर, मोटारी, मोटरसायकली, एखादा टेम्पो. धुऊन, झेंडूचे हार घालून सगळ्यांची एकत्र पूजा होते. भावकीतला वडीलधारा माणूस ओळीनं प्रत्येक गाडीला हळद-कुंकू लावत जातो, नारळ फिरवतो. वडील गेल्यापासून हा मान दादाचा.

त्या वर्षी दादा नारळाबरोबर टॉनिकचं खोकं घेऊन आला. "यंदा गाड्यांचंबी तोंड गोड करायचं," तो म्हणाला. लोक हसले, मग लगेच गंभीर झाले, कारण कल्पना सगळ्यांना पटली. हळद-कुंकू लावायचं, बॉनेट उघडायचं, थोडं टॉनिक ओतायचं, पुढच्या गाडीकडं जायचं. कुठल्या इंजिनाला किती, कुणाला चालतं, कुणाला चालत नाही, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. प्रसाद तो प्रसाद. आपल्या गाडीला नको असं म्हणणारा माणूस त्या ओळीत निघाला असता तर त्याच्याकडं लोकांनी वेड्यासारखं बघितलं असतं.

मी दादाच्या शेजारी तबक धरून उभा होतो.

माझ्या मोटारीत त्यानं ओतलं. मी बघत राहिलो. मग तिसऱ्या-चौथ्या नंबरला आमच्या चुलतभावाची मोटरसायकल होती. हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. कासारसाईकडच्या गोठ्यांवरनं दूध गोळा करतो आणि हिंजवडीच्या सोसायट्यांना घालतो. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या भरलेल्या किटल्या, असा तो वर्षाचे बारा महिने फिरतो. त्यानं मोठ्या उत्साहानं ऑइलचं झाकण स्वतः फिरवून काढलं आणि दादाला म्हणाला, "माझीला जरा जास्त वत, दादा. लई राबती बिचारी."

मी तबक या हातातून त्या हातात घेतलं. निरांजन विझलं. कुणीतरी म्हणालं, वारा आला. मी ते पुन्हा पेटवलं, तोवर दादानं बाटली तिरकी केली होती.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गाडी काढली आणि गावातल्या गॅरेजात न जाता पार पिरंगुटला नेली. तिथल्या गॅरेजात मला कुणी ओळखत नव्हतं. ऑइल महिन्यापूर्वीच बदललेलं होतं, तरी मी सगळं काढून टाकायला लावलं आणि नवीन भरलं. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, अजून चांगलं आहे हे." मी म्हणालो, "काढ." माझ्या गाडीचं त्या थोड्याशा टॉनिकनं काहीही बिघडलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला ते आत राहिलेलं सहनच होईना. गाडीतून ते गेलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी येताना भेळ खाल्ली.

पंधरा दिवसांनी चुलतभाऊ रस्त्यात भेटला. किटल्या रिकाम्या होत्या, घाई नव्हती. म्हणाला, "भाऊ, गाडीला काय झालंय कळंना. चढाला नुसती बोंबलतीया, वडत न्हाई."

क्लच घसरतोय. इंजिन फिरतंय, चाकाला जोर पोचत नाही. ऐकताक्षणी मला कळलं. मी काय म्हणालो? "मेकॅनिकला दाखव की."

त्यानं दाखवली. मेकॅनिकनं क्लचची वायर जरा ढिली करून दिली आणि दोन दिवस बरं वाटलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला, कासारसाईच्या धरणाकडच्या चढावर भरल्या किटल्यांसकट ती गाडी अडली. त्यानं मूठ पिळली, इंजिन ओरडलं आणि गाडी मागं यायला लागली. ब्रेक धरला तर किटल्यांच्या वजनानं पुढचं चाक उचललं. गाडी आडवी झाली आणि त्याचा पाय किटलीखाली आला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मागून काही येत नव्हतं म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर दूध होतं आणि दोन कुत्री ते चाटत होती. मी त्या कुत्र्यांना दगड मारत सुटलो. लोकांनी मला धरलं. त्यांना वाटलं, भावाचं दुःख झालंय.

कुणीही बाटलीचं नाव काढलं नाही. रस्त्याला नावं ठेवली, मेकॅनिकला शिव्या घातल्या, नशिबाला बोल लावला. मला वाटायचं, आता कुणीतरी बोलेल, आता कुणाच्या तरी लक्षात येईल. दिवाळीत मी फराळाला बसायचो आणि उठायचो, बसायचो आणि उठायचो. बायको म्हणाली, "तुम्हाला मुंग्या चावतायत का?" मी तिच्यावर ओरडलो. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली सगळ्यांवरच ओरडता." तिच्यावरही ओरडलो.

आणि मग दादानं ते केलं. चुलतभाऊ पाय प्लास्टरात घालून पडलेला, त्याचं दूध दुसऱ्यानं घालायला घेतलं होतं. दादाला चैन पडेना. त्यानं त्याची मोटरसायकल दुरुस्त करून आणली. क्लचच्या नव्या प्लेटा घातल्या, ऑइल बदललं. रविवारी दुपारी मी त्याच्याकडं गेलो तर गाडी अंगणात उभी, दादा तिच्यापाशी उकिडवा बसलेला, ऑइलचं झाकण काढलेलं आणि हातात लाल झाकणाची बाटली. सील तोडलेलं.

"आता बघ कशी पळतीया," तो म्हणाला. "ह्या टायमाला पुरी बाटली घालतो."

"दादा, थांब."

"का रं?"

"वतू नगंस. त्याच्यानंच झालं."

तो तसाच बाटली तिरकी धरून बसला. मी बोलायला लागलो आणि मग मला थांबताच येईना. मोटरसायकलीत इंजिनाला आणि क्लचला एकच ऑइल असतं, टॉनिकनं क्लच निसटतो, लेबलावर तसं छापलंय, मोटारीलाही त्याचा काही उपयोग नाही, ते यंत्र म्हणजे निव्वळ जादूचा खेळ आहे. उभ्या उभ्या सगळं ओकलो. माझा आवाज चढत गेला, जसा काही गुन्हा त्याचाच होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"दसऱ्याला तू माझ्या बाजूला हुतास. तबक घिऊन."

"व्हय."

त्यानं बाटलीला झाकण लावलं. घट्ट पिळून लावलं. "आन तुझ्या गाडीत वतलं हुतं मी. त्याचं काय झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. सात वेळा बोललो होतो, आठवी वेळ काही जड गेली नसती.

"दुसऱ्या दिशी काढून टाकलं," मी म्हणालो.

दादा उठला. मोरीवर जाऊन त्यानं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मला वाटलं होतं, तो मारेल. लहानपणी मारायचा तसा. त्यानं फक्त टॉवेलला हात पुसले आणि चपला घातल्या. "चल. त्याला सांग."

चुलतभाऊ खाटेवर उशांना टेकून मोबाइल बघत होता. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, पिरंगुटला नेलेल्या गाडीसकट. भेळ तेवढी सांगितली नाही. तो ऐकत होता, मधेच प्लास्टरच्या कडेला बोट घालून खाजवत होता. मला वाटत होतं, तो दादाला शिव्या घालेल, बाटलीला घालेल, मला घालेल. त्यानं जे विचारलं ते अगदी साध्या आवाजात विचारलं.

"तुझी काढलीस," तो म्हणाला, "मग माझी का न्हाई काढलीस?"

दुसऱ्या दिवशी दादानं यंत्र माळ्यावर टाकलं. बाटल्या मात्र त्यानं फळीवरून काढल्या नाहीत. मला वाटलं, माल अंगावर पडू नये म्हणून असेल. मी अजून भावाला ओळखलं नव्हतं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेत असताना त्याचा फोन आला. "हितं एक साहेब बाटली मागत्यात. त्यांना सांग फायदा होतो का न्हाई. फोन मोठ्यानं लावलाय." मी हातात काचेची नळी घेऊन उभा. तिकडून कुणी विचारलं, "काय हो, घालावं का हे?" मी म्हणालो, "नको. चांगलं ऑइल घाला आणि वेळेवर बदला." मागून दादाचा आवाज आला, "आयकलं? आता हे ऑइल न्या." आणि फोन बंद. त्यानंतर असे किती फोन आले, मोजले नाहीत. एकाही फोनवर दादा माझ्याशी स्वतःचं असं एक वाक्य बोलला नाही. बाटली मागायला कुणी येईनासं झालं तेव्हा त्यानं ती फळी रिकामी केली. ओट्याखालच्या सात बाटल्या त्याआधीच मी काढून टाकल्या होत्या. बायकोनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली.

चुलतभाऊ सहा महिन्यांनी पुन्हा दूध घालायला लागला. जरासा लंगडतो. माझ्याशी बोलणं तुटलं नव्हतं. रामराम होता, लग्नकार्याचं निमंत्रण होतं. पण गाडीतलं काहीही त्यानं मला विचारलं नाही. टायर घेतले तेव्हाही नाही. पूर्वी तो साधं पंक्चर झालं तरी मला फोन करायचा. मला त्याचा त्रास व्हायचा तेव्हा, किती फोन करतो म्हणून. आता फोन वाजला की आधी नाव बघायचो, त्याचं नसायचं.

यंदाच्या दसऱ्याला पटांगणात गाड्या लागल्या. दादाच्या तबकात हळद-कुंकू, आपट्याची पानं, नारळ, एवढंच. मी या वेळी तबक धरलं नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. नवीन पांढरा सदरा घालून मी कडेला उभा होतो, कधी या पायावर, कधी त्या पायावर. चुलतभाऊ सगळ्यांत शेवटी आला. त्यानं मोटरसायकल ओळीत लावली नाही, माझ्यासमोर आणून उभी केली. उतरला, वाकला, ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि त्याला जोडलेली ऑइल मोजायची काडी माझ्यासमोर धरली.

"बघ," तो म्हणाला. "आन बोल."

दादा चार गाड्या पलीकडं हातात कुंकू घेऊन थांबला. माझ्या पाकिटात टिपकागदाचे दोन तुकडे होते. आता ते नेहमीच असतात. मी एकावर थेंब पाडला. आम्ही दोघं त्या कागदाकडं बघत उभे राहिलो. थेंब पसरला, पण मधला डाग पसरेना. काळा, घट्ट बसून राहिला.

"खराब झालंय," मी म्हणालो. "बदलाय पायजे."

"कवा?"

"आत्ता."

तो गाडीमागं बांधलेल्या पिशवीकडं गेला. तिथं सतराचा पाना होता, पत्र्याची पाटी होती आणि ऑइलचा नवा डबा होता. सगळं घेऊनच आला होता. पाना त्यानं माझ्या हातात दिला. मी नव्या सदऱ्यानिशी मातीत बसलो, इंजिनाखाली हात घातला आणि नट सैल केला. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. भाजलं, पण हात काढला नाही. पाटीत काळी धार पडत राहिली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब. मी नट पुन्हा लावायला उचलला.

"थांब," चुलतभाऊ माझ्या शेजारी, मोडलेला पाय लांब करून, खाली बसला. "समदं निथळू दे."

पलीकडं दादा नारळ फोडायचा थांबला होता. आम्ही शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहिलो.